‘क्रॉनमध्ये एक ओळ, दर आठवड्याला नवंकोरं विंडोज’: या सल्ल्यात काय चुकतंय

ड्युअल बूटवाल्यांमध्ये, म्हणजे एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्यांमध्ये, एक सल्ला जोरात फिरतोय: डीडी या लिनक्सच्या कॉपी-कमांडने विंडोजची एकदा इमेज (डिस्कवरच्या विंडोजच्या भागाची, म्हणजे पार्टिशनची, हुबेहूब प्रत) घ्या, लिनक्सच्या क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीत) ती प्रत परत लिहिण्याची, म्हणजे रिस्टोअरची, ओळ टाका, दर रविवारी पहाटे विंडोज आपोआप पूर्ववत होईल, वेगळा बॅकअपही नको. अनेकांच्या हाताखालून जाणाऱ्या संगणकांसाठी कल्पना खरंच उपयोगी आहे. पण जशीच्या तशी अमलात आणली तर डेटा जाईल.

‘क्रॉन वेळेवर चालवेल.’ त्या वेळी लिनक्स चालू असेल तरच. मशीन बंद असेल किंवा विंडोजमध्ये असेल तर ती फेरी हुकते आणि क्रॉन ती नंतर भरून काढत नाही. त्याऐवजी सिस्टमडीचा (लिनक्समधल्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रामचा) टायमर लावा आणि ‘पर्सिस्टंट’ ट्रू ठेवा. राहिलेलं काम लिनक्स सुरू होताच होतं. विंडोजमधून लिनक्सकडे वळायला बीसीडीएडिट या विंडोजच्या कमांडने फर्मवेअरच्या (मदरबोर्डवरच्या प्रोग्रामच्या) ‘बूटसीक्वेन्स’मध्ये, म्हणजे बूटक्रमात, लिनक्सची नोंद घाला. ती पुढच्या एकाच बूटपुरती असते. हेच काम ग्रबच्या (लिनक्सच्या बूट मेन्यूच्या) ग्रब-रीबूट कमांडने करू नका असं आम्ही ठामपणे सांगू: बूट फोल्डर बीटीआरएफएस फाइलसिस्टमवर किंवा एलव्हीएमवर (डिस्कची जागा वाटण्याच्या लिनक्सच्या पद्धतीवर) असेल तर ग्रबला स्वतःची नोंद पुसता येत नाही आणि प्रत्येक बूट त्याच नोंदीवर जातं.

‘शटडाउन केलं की विंडोज बंद.’ सगळ्यात जास्त नुकसान या समजुतीने होतं. फास्ट स्टार्टअप (विंडोज लवकर सुरू करणारी सोय) चालू असेल तर शटडाउनला कर्नलची, म्हणजे विंडोजच्या गाभ्याची, स्थिती डिस्कवरच्या हायबरफिल फाइलमध्ये लिहिली जाते. अशा अवस्थेत घेतलेली इमेज महिन्याभराने रिस्टोअर केली तर महिन्यापूर्वीची मेमरी जागी होते. त्या मेमरीत डी ड्राइव्हच्या फाइलींचा नकाशाही जुनाच असतो. विंडोज त्याच नकाशाबरहुकूम डी वर लिहितं आणि मधल्या काळात तिथे साठवलेल्या फाइली बिघडतात. म्हणून इमेज घेण्याआधी अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या कमांड प्रॉम्प्टवर ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’ चालवा, मग शटडाउन करा.

‘डीडी पुरे.’ २०० जीबीच्या पार्टिशनमध्ये ६० जीबीच भरलेलं असलं तरी डीडी सगळे २०० लिहितो. पार्टक्लोन हा पार्टिशनची प्रत घेणारा प्रोग्राम वापरलेलेच ब्लॉक घेतो. मात्र बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-एन्क्रिप्शन) चालू असेल तर पार्टक्लोनला आतलं एनटीएफएस, म्हणजे विंडोजची फाइलसिस्टम, दिसत नाही. रिस्टोअर फक्त विंडोजच्या पार्टिशनवर करा, अख्ख्या डिस्कवर नको. नाहीतर ज्या लिनक्समधून स्क्रिप्ट चालतेय तेच पुसलं जाईल. दोन डिस्क असतील तर एसडीए-एसडीबी ही लिनक्सने डिस्कना दिलेली नावं बूटगणिक बदलू शकतात, म्हणून स्क्रिप्टमध्ये पार्टयूयूआयडी, म्हणजे पार्टिशनचा कायम ओळखक्रमांक, द्या. पार्टिशन टेबल (डिस्कवरच्या भागांची यादी) नव्याने बनवू नका. ईएफआय पार्टिशनमधलं (बूटच्या फाइलींच्या भागातलं) बीसीडी, म्हणजे विंडोजची बूट-नोंदवही, याच ओळखक्रमांकाने विंडोज शोधतं. तो बदलला की बूट होत नाही.

‘बॅकअप नको.’ इमेजनंतर सी ड्राइव्हवर ठेवलेलं सगळं जातं, डेस्कटॉपसुद्धा. वापरकर्त्यांच्या फाइली वेगळ्या पार्टिशनवर हलवा आणि इमेजची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवा. मशीन डोमेनमध्ये (संस्थेच्या मध्यवर्ती लॉगिन व्यवस्थेत) असेल तर आणखी एक अडचण: मशीनच्या स्वतःच्या अकाउंटचा पासवर्ड साधारण ३० दिवसांनी बदलतो, त्यामुळे जुनी इमेज टाकली की लॉगिनला ‘ट्रस्ट रिलेशनशिप’ची चूक येते. दर महिन्याला रिस्टोअर, अपडेट, पूर्ण शटडाउन आणि नवी इमेज, याच क्रमाने जा.

स्क्रिप्टची पहिली पायरी म्हणून पार्टक्लोनसोबत येणाऱ्या तपासणी-कमांडने इमेज धड आहे का पाहा. तपासणी फसली तर स्क्रिप्टने तिथेच थांबावं. अर्धवट लिहिलेल्या पार्टिशनवरून विंडोज सुरूच होत नाही.