थर्मलमध्ये दिसला म्हणजे कोयोट ओळखला असं नाही

नॉर्थ कॅरोलायनात रॅलेजवळ राहणाऱ्या भाच्याने एक मराठी फॉरवर्ड पाठवून विचारलं, ‘मामा, घेऊ का स्कोप?’ फॉरवर्डचा दावा असा: थर्मल स्कोप (अंगाची उष्णता टिपून चित्र दाखवणारी, रायफलवर बसवायची दुर्बीण) असला की रात्री कोयोट, म्हणजे अमेरिकेतला कोल्ह्या-लांडग्याच्या कुळातला प्राणी, 1800 मीटरवरून ओळखू येतो, झाडीमागचाही दिसतो, कॉलर (प्राण्यांचे आवाज काढून शिकार बोलावणारं यंत्र) मोठ्याने वाजवला की सरळ समोर येतो, स्कोप नुसता लावा आणि निघा, आणि ओळखण्यात चूक होऊच शकत नाही.

सगळ्यात घातक ते शेवटचं, म्हणून आधी तेच. 1800 मीटर हा जाहिरातीतल्या ‘डिटेक्शन’चा आकडा. तिथे काहीतरी गरम आहे, इतकंच त्या अंतरावर कळतं. हिशेब करा. 640 बाय 512 चा, 12 मायक्रॉन पिक्सेलचा सेन्सर आणि 35 मिलिमीटरची लेन्स घेतली, तर 1800 मीटरवर एका पिक्सेलात साधारण 62 सेंटिमीटर मावतात. कोयोटचं अख्खं धड दीड पिक्सेलात संपलं! तो 180 मीटरवर आला की पिक्सेल सहा सेंटिमीटरचा होतो, तेव्हा कुठे कान, शेपूट, चाल यांचा अंदाज येतो. डिजिटल झूमने तपशील वाढत नाही, ठिपका फुगतो. आणि अंगाचा रंग तर कुठल्याच अंतरावरून दिसत नाही.

भाच्याच्याच राज्यात यावर न्यायालयाला बोलावं लागलं आहे. पूर्वेकडच्या डेअर, हाइड, टिरेल, वॉशिंग्टन आणि बोफर्ट या पाच काउंट्यांत (जिल्ह्यांसारखे विभाग) अतिशय दुर्मिळ असे लाल लांडगे मोकळे वावरतात. कोयोट समजून त्यांना गोळ्या घातल्या जात होत्या. मे 2014 मध्ये फेडरल न्यायालयाने तिथल्या कोयोटच्या शिकारीला मनाई केली. वर्षअखेरच्या तडजोडीत दिवसाची शिकार परवान्याने सुरू झाली, रात्रीची बंदच ठेवली. लाल लांडग्याचं अर्धवट वाढलेलं पिल्लू भर उन्हातही कोयोटसारखं दिसतं. ते पांढऱ्या ठिपक्यावरून कोण ओळखणार?

म्हणूनच रान चाळायला हातातला वेगळा मोनोक्युलर (एका डोळ्याची थर्मल दुर्बीण) लागतो, आणि रायफल ट्रायपॉडवर राहते. स्कोपनेच शोधत बसलात तर प्रत्येक गरम ठिपक्यावर नळी रोखली जाते, मग तिथे वासरू असो की शेतकरी.

झाडीमागचं? थर्मल आरपार बघत नाही. पानांच्या फटींतून जेवढी उष्णता येते तेवढीच दिसते. उलट कुंपणाची तार किंवा गवताची काडी भोवतालाइतकीच गार झाली की चित्रातून नाहीशी होते, आणि गोळी नेमकी तिच्यावर आपटून भरकटते. गाडीच्या बंद काचेतून तर बाहेरचं काहीच दिसत नाही.

कॉलरवर वाजवलेल्या सशाच्या आक्रोशाला कोयोट येतो, एवढं मान्य करावं लागेल. पण सरळ क्वचितच येतो. वळसा घालून, वाऱ्याच्या खालच्या अंगाने वास घेत येतो. कॉलर आपल्यापासून 30-40 मीटरवर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला ठेवायचा, आणि खालच्या अंगाचं रान मोकळं दिसेल अशी बैठक धरायची. आवाज हळू सुरू करायचा, कारण जवळच असलेला कोयोट एकदम मोठ्या आवाजाने पळतो. 15-20 मिनिटं तरी जागा सोडायची नाही.

‘लावा आणि निघा’ हेही चूक. कागदी निशाण थर्मलमध्ये धड दिसत नाही. 100 यार्डांवर हँड वॉर्मरचं (हात शेकायचं) गरम पाकीट चिकटवून झिरो करावं लागतं, म्हणजे स्कोपचा नेम आणि गोळी लागते ती जागा जुळवावी लागते. सेन्सर अधूनमधून स्वतःला जुळवून घेतो त्या कॅलिब्रेशनच्या वेळी चित्र क्षणभर गोठतं, तेव्हा ते नेम धरण्याआधीच हाताने करून घ्यावं.

भाच्याला कळवलंय: आधी राज्याच्या वन्यजीव आयोगाचे या वर्षीचे रात्रीचे नियम वाच, मग जमीनमालकाची लेखी परवानगी घे, मग मोनोक्युलर. स्कोपचं त्यानंतर बोलू.