तबकडीच्या नावाखाली काहीही खपवू नका

माझ्या आतेभावाने गेल्या रविवारी दोनेकशे सीड्या रद्दीवाल्याला देऊन टाकल्या. लेड झेपलिन, डीप पर्पल, पिंक फ्लॉइड. कॉलेजात असल्यापासून एकेक करून जमवलेल्या. कारण काय, तर व्हॉट्सॲपवर फिरणारा एक मेसेज. त्याचा सारांश असा: साठ-सत्तरच्या दशकांतल्या रॉकचा खरा आवाज फक्त तबकडीतच, म्हणजे सुईवर वाजणाऱ्या एलपीतच मिळतो. डिजिटल आवाज पायऱ्यापायऱ्यांचा असतो, मधल्या फटी मेंदूला भराव्या लागतात आणि त्यातून डोकेदुखी लागते. तबकडीत डिजिटलचा लवलेश नसतो, तिचा आवाका अमर्याद असतो, सीडीवर आवाज दाबलेला असतो आणि १८० ग्रॅमची जड तबकडी सर्वांत उत्तम.

हा मेसेज मला आधी तिघांनी पाठवला होता. मी दुर्लक्ष केलं, ते चुकलंच.

माझ्या घरी टर्नटेबल आहे आणि ते रोज वाजतं. मला तबकडी मनापासून आवडते, म्हणूनच तिच्या नावावर खपवलेल्या थापा सहन होत नाहीत.

आधी त्या पायऱ्या. आतेभावाला अर्धशिशीचा त्रास आहे, त्यामुळे तो घाबरला तो नेमका या मुद्द्याला. मेसेजसोबत जिन्यासारख्या रेघेचं चित्रही आहे. सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने साठवलेले असतात हे खरं. पण ते नुसते ठिपके आहेत, पायऱ्या नव्हेत. २२,०५० हर्ट्झच्या खालचा आवाज असेल, तर त्या ठिपक्यांमधून एकच लाट जाऊ शकते, दुसरी नाही. प्लेअरमधला फिल्टर तीच लाट सलग उभी करतो. तिथे अंदाजाने काही भरायचं नसतं. माणसाचा कान फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो, तेही तरुणपणी. डिजिटल ऑडिओचे जाणकार माँटी माँटगोमरी यांचा एक व्हिडिओ आहे, त्यात त्यांनी जुन्या ॲनालॉग ऑसिलोस्कोपवर, म्हणजे सिग्नलची लाट पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर, हाच सिग्नल लावून दाखवलाय. पडद्यावर गुळगुळीत लाट दिसते. फटीच नाहीत, तर मेंदू भरणार काय? डोकं दुखणाऱ्या माणसाला त्याच्या आवडत्या गाण्यांचीच भीती घालणं हा निव्वळ दुष्टपणा आहे.

‘डिजिटलचा लवलेश नाही’ हे तर २०२२ मध्येच उघडं पडलं. अमेरिकेतली मोबाइल फिडेलिटी ही कंपनी जुन्या अल्बमांच्या महागड्या तबकड्या काढते, आणि त्या थेट मूळ टेपवरून निघतात असाच सगळ्यांचा समज होता. त्या वर्षी जुलैमध्ये ॲरिझोनातले रेकॉर्ड-विक्रेते माइक एस्पोझिटो यांनी यावर शंका घेतली, कंपनीच्या इंजिनिअरांना गाठून विचारलं आणि त्यांनी कबूल केलं: २०११ पासून कितीतरी तबकड्यांसाठी टेपवरून आधी डिजिटल प्रत केली जात होती. सांताना या बँडच्या ‘अब्राक्सस’ अल्बमची शंभर डॉलरची आवृत्तीही त्यातलीच. ज्यांचे कान तयार आहेत, अशा माणसांनी वर्षानुवर्षं याच तबकड्यांना शुद्ध ॲनालॉग, म्हणजे कुठेही डिजिटल न झालेल्या, म्हणून डोक्यावर घेतलं होतं. मग खटला झाला आणि अडीच कोटी डॉलरांची तडजोड करावी लागली. आणखी पुरावा कशाला हवा? डायर स्ट्रेट्सचा ‘ब्रदर्स इन आर्म्स’ तर १९८४-८५ मध्ये मुळात डिजिटल मल्टिट्रॅकवरच, म्हणजे प्रत्येक वाद्य वेगळं नोंदवणाऱ्या डिजिटल यंत्रावर, रेकॉर्ड झाला. एलपीवर मावावीत म्हणून त्यातली काही गाणी आखूड केली. पूर्ण लांबीची गाणी सीडीवर आहेत.

आवाका अमर्याद? उलट आहे. सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातलं अंतर सीडीवर सुमारे ९६ डेसिबल, चांगल्या तबकडीवर सत्तरच्या आसपास. शिवाय बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर खाच सरकते, आतल्या टोकाला जेमतेम २१. म्हणजे तेवढाच आवाज तिथे कमी जागेत कोरावा लागतो. बाजूचं शेवटचं गाणं फाटल्यासारखं वाजतं ते त्यामुळे. वजनाचं म्हणाल, तर जड तबकडी हातात छान वाटते. खाच तीच असते.

दाबलेल्या आवाजाचा, म्हणजे हळू-मोठ्यातलं अंतर कमी करून सगळंच जोरात केल्याचा मुद्दा मात्र अर्धा मान्य करावा लागेल. नव्वदनंतर जुन्या अल्बमांच्या बऱ्याच सीड्या कर्कश झाल्या. मेटालिकाच्या २००८ च्या ‘डेथ मॅग्नेटिक’वर तर चाहतेच भडकले, कारण तीच गाणी ‘गिटार हीरो’ या गेममध्ये जास्त मोकळी वाजत होती. पण गेमही डिजिटलच! आवाज सीडीने दाबलेला नसतो, मास्टरिंग करणाऱ्याने, म्हणजे अल्बम छापण्याआधी आवाजावर शेवटचा हात फिरवणाऱ्याने दाबलेला असतो.

तबकडीचंही तेच. १९६९ चा ‘लेड झेपलिन टू’ घ्या. मास्टरिंग इंजिनिअर रॉबर्ट लडविग यांनी पहिली प्रत भरपूर बाससकट जोरात कापली, म्हणजे तिची खाच कोरली. स्वस्तातल्या प्लेअरवर सुई उडायला लागली, म्हणून अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीने बास कमी करून ती पुन्हा कापायला लावली. ही हकीकत लडविग स्वतः सांगतात. गाणी तीच, वर्ष तेच, आणि दोन तबकड्यांच्या आवाजात जमीन-अस्मानाचा फरक. पहिली ओळखायची खूण एवढीच की तिच्या लेबलजवळच्या मोकळ्या पट्टीत ‘आरएल’ ही अक्षरं कोरलेली असतात. तबकडी उजेडात तिरकी धरली की दिसतात. ‘तबकडी चांगली की सीडी’ असं विचारूच नका. कोणी कापली, कशावरून कापली, ते विचारा.

आतेभावाकडे अजून चाळीसेक सीड्या उरल्या आहेत. त्यात ‘ब्रदर्स इन आर्म्स’ आहे. मी त्याला कालच बजावलंय, मी येईपर्यंत एकही घराबाहेर जाता कामा नये.