कागद पांढरा ठेवण्याची खटपट

सदतीस वर्षे कचेरीत कागद काळे करून निवृत्त झालेल्या माणसाने कागद पांढरा ठेवण्याची विद्या शिकायला जाऊ नये, असे आमच्या सौ.चे पहिल्या दिवसापासून मत होते. जलरंगात पांढरा म्हणजे मुळात कागदच. त्यावर एकदा रंग चढला की ती शुभ्रता परत मिळत नाही, म्हणून हवी तेवढी जागा आधीच अडवून ठेवायची आणि मग वरून खुशाल वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, द्यायचा. मला भाताच्या खाचरातला एक बगळा अडवायचा होता.

वीज गेल्यावर लागणारी मेणबत्ती प्रथम कामी आली. दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या भुयारी रेल्वेस्थानकांत आसरा घेतलेल्या माणसांची चित्रे इंग्रज शिल्पकार हेन्री मूर यांनी मेणाचे खडू आणि जलरंग वापरूनच केली होती, त्यामुळे मला धीर होता. मात्र पांढऱ्या कागदावर पांढरे मेण घासताना आपण काय काढतो आहोत, हे अजिबात दिसत नाही. हिरवा वॉश दिल्यावर बगळा प्रकट झाला, तो तीन पायांचा! मेणाच्या मऊपणाचे आपल्याकडे भारी कौतुक. पण कागदात शिरलेले मेण भाडेकरूसारखे हटून बसते. तिसरा पाय काढावा म्हणून वर वर्तमानपत्र ठेवून गरम इस्त्री फिरवली, तेव्हा मेण आणखी खोल मुरले आणि खाचरात उलट्या अक्षरांत 'वधू पाहिजे' उमटले.

मग मास्किंग फ्लुइड आणले. हा अमोनियाच्या वासाचा रबरी चीक असतो; अडवायच्या जागेवर तो लावायचा आणि वरचा रंग वाळला की सोलून काढायचा. त्यात बुडवण्याआधी ब्रश साबणाने माखून घ्यावा लागतो, हे मला ठाऊक होते. आठवले मात्र सेबलच्या महागड्या ब्रशाचे टोक सुपारीसारखे घट्ट झाल्यावर. सौ.नी स्वयंपाकघरातूनच विचारले, "अहो, मोरीत काय ओतलंत?"

बगळा तरी या वेळी दोन पायांचा होता. श्रावणातल्या दमट हवेत वॉश वाळेना, म्हणून मी केस वाळवण्याचे यंत्र लावले. उष्णतेने हा चीक कागदाला धरून बसतो, आणि त्यातच पाहुणे आल्यामुळे तो चार दिवस तसाच राहिला. दुधावरची साय काढावी तसा तो अलगद निघेल, असे दुकानदार म्हणाला होता. माझ्या बाबतीत सायीबरोबर दूधही आले. ३०० जीएसएमच्या जाड पण मऊ हातकागदाचा पापुद्रा उचलला गेला आणि बगळ्याची मान माझ्या बोटाला चिकटून राहिली.

त्या झटापटीत थोडा चीक माझ्या निळ्या कुडत्यावर सांडला होता, तो पाच धुण्यांनंतरही जागचा हललेला नाही. सौ.नी परवा कुडता दोरीवर टाकताना तो डाग निरखून पाहिला आणि म्हणाल्या, "मान मात्र इथं छान जमलीय."