चर्च बघितली, रस्ता राहिला

पणजीतल्या फोंतेन्हासच्या पिवळ्या-निळ्या घरांपुढे उभं राहून काढलेला फोटो आणि खाली ‘ओल्ड गोवा’. दर डिसेंबरात माझ्या वॉलवर याचा पूर येतो. घरं देखणी आहेत, वादच नाही. पण ती वस्ती आकाराला यायला लागली अठराव्या शतकाच्या अखेरीस, आणि तोवर मांडवीकाठची मूळ राजधानी, म्हणजे खरं ओल्ड गोवा, रिकामी होत आली होती. त्या राजधानीचा जुना, मोठा बाजाररस्ता म्हणजे रुआ दिरेता. तो अजून जागेवर आहे. आपण त्याच्यावरूनच चालत चर्च बघायला जातो, फक्त हा तोच रस्ता हे आपल्याला कुणी सांगत नाही.

दिवाडीच्या फेरीबोटीच्या धक्क्यावरून वर निघालं की आधी व्हाइसरॉयची कमान लागते. सोळाव्या शतकाच्या अगदी शेवटी फ्रान्सिस्को द गामा या पोर्तुगीज व्हाइसरॉयनं ती आपल्या पणजोबांच्या, म्हणजे वास्को द गामाच्या स्मरणार्थ बांधली. एका अंगाला कोनाड्यात पणजोबा उभे. दुसऱ्या अंगाला एक तलवारधारी बाई, तिच्या पायाखाली पगडीवाला माणूस. नवा व्हाइसरॉय इथूनच शहरात शिरायचा. कोण वर आणि कोण खाली हे गावाला वेगळं सांगायची गरज नव्हती. आज दिसते ती कमान मात्र १९५४ मध्ये नव्यानं उभारलेली आहे.

इथून पुढे दोन्ही बाजूंना सोनार, जवाहिरे, सराफ, रेशमाचे व्यापारी. लिन्सखोतेन नावाचा डच माणूस १५८० च्या दशकात पाचेक वर्षं गोव्यात होता. १५९६ मध्ये छापलेल्या त्याच्या पुस्तकात या बाजाराचं चित्र आहे: छत्र्या, पालख्या, घोडे आणि भरगर्दीतला लिलाव. सणवार सोडले तर रोज सकाळी इथे बोली लागायची. मालात दागिने, कापड, अरबी घोडे असायचे आणि गुलाम म्हणून माणसंही असायची. ‘सोनेरी गोवा’ म्हणून उसासे टाकणाऱ्यांनी तेवढं ध्यानात ठेवावं.

घरं जांभ्या चिऱ्याची, चुन्याचा गिलावा, वर कौलं, खिडक्यांना काचेऐवजी घासून पातळ केलेले शिंपले. आता त्यातलं एकही घर उभं नाही. का नाही? उत्तर बरंचसं या चिऱ्यातच आहे. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवेवर कडक होतो, पण भोकाभोकांचा. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. गिलावा असेपर्यंत भिंत टिकते. कौलं सरकली आणि गिलावा सुटला की पाणी आत मुरतं, फटीत पिंपळ रुजतो आणि भिंत बसते. म्हणजे या रस्त्यावरची वास्तुकला दगडाइतकीच दरवर्षीच्या डागडुजीवर उभी होती, आणि डागडुजी करणारी माणसंच निघून गेली.

ती का गेली? साथींनी शहर पोखरलं, विहिरींचं पाणी खराब, नदी गाळानं भरत चाललेली, समुद्रावर डच वरचढ. त्यात १६८३ मध्ये संभाजीराजांचं सैन्य समोरच्या जुवे बेटावर उतरलं आणि व्हाइसरॉयनं घाबरून आपला राजदंड इथे जपून ठेवलेल्या संत फ्रान्सिस झेवियरच्या शवाच्या हाती दिला. त्यानंतर राजधानी मुरगावला हलवायचा खटाटोप सुरू झाला. तो तडीस गेला नाही, पण शहरावरचा भरवसा उडाला. १७५९ मध्ये व्हाइसरॉय पणजीला राहायला गेला. पडक्या इमारतींचे चिरे आणि लाकूड दुसरीकडच्या बांधकामांना गेलं. १८३५ मध्ये पाद्र्यांचे धार्मिक संघ बंद झाले आणि मठही बेवारस झाले. सेंट ऑगस्टिनच्या चर्चचं छत १८४२ मध्ये कोसळलं. पुढच्याच वर्षी पणजी अधिकृत राजधानी झाली.

माझा मुद्दा असा, की पडण्यापासून जे वाचलं त्यालाच आपण वारसा म्हणतो. १९८६ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली ती गोव्यातली चर्च आणि मठ. राहतं शहर त्यात नाही. आणि वाचलेलंही जसंच्या तसं नाही बरं का. ज्या लालबुंद बॉम जेझूस चर्चपुढे आपण फोटो काढतो, तिचा गिलावा १९५० च्या दशकात पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञ बाल्ताझार काश्त्रू यांनी मुद्दाम काढायला लावला, वास्तू पुरातन दिसावी म्हणून! तेव्हापासून तो उघडा जांभा पाऊस पितोय. गिलावा परत करावा असं म्हटलं की ‘चर्चचं रूप जाईल’ म्हणून ओरड होते. ज्या रूपाला शंभर वर्षंही झाली नाहीत, त्यासाठी चारशे वर्षांची भिंत पणाला लावायची, हे मला तरी कळत नाही.

रस्त्याचं काय करावं? खोटी घरं आणि शोभेचे दिवे उभारून ‘हेरिटेज स्ट्रीट’ करू नये, एवढी कृपा करा. या भागात नव्या बांधकामांवरून २०२१ मध्ये केवढं आंदोलन झालं ते आठवत असेल. जमिनीखालची जोती नीट शोधून नकाशावर आणा आणि सापडतील तिथे रस्त्याच्या कडेला चिऱ्याची ओळ बसवून घरांच्या हद्दी दाखवा. कमानीपाशी लिन्सखोतेनच्या चित्राचा एक मोठा फलक लावा, मराठी आणि कोकणीतही, आणि त्यावर लिलावात माणसं विकली जात हे स्पष्ट लिहा. फार खर्चाचं काम नाही हे. त्याआधी कुणी तिथे पेव्हर ब्लॉक बसवले तर मात्र पुढची पोस्ट बरीच कडू असेल.