सायरन म्हणजे मत्स्यकन्या नव्हे

‘सायरन म्हणजे ग्रीक मत्स्यकन्या; ती आपल्या रूपाने खलाशांना भुलवून पाण्यात ओढून नेत असे; जगभरच्या मत्स्यकन्यांच्या कथा तिच्यापासूनच निघाल्या; आणि या सगळ्याच्या मुळाशी समुद्रगाय हा प्राणी आहे,’ असा मजकूर मराठीतही बराच फिरत असतो. यातले एकही विधान जसेच्या तसे टिकत नाही.

प्रथम देहाविषयी. ‘ओडिसी’ या प्राचीन ग्रीक महाकाव्याच्या बाराव्या सर्गात कवी होमर सायरन्सच्या देहाचे वर्णनच करत नाही, पण ग्रीक चित्रकारांच्या मनात मात्र काहीच संदिग्धता नव्हती. ब्रिटिश म्युझियममध्ये इ.स.पू. 480 ते 470 च्या सुमाराचे एक अथेनियन मद्यपात्र आहे. त्यावर सायरन्सचे गाणे ऐकूनही त्यांच्याकडे जाता येऊ नये म्हणून डोलकाठीला बांधलेला ‘ओडिसी’चा नायक ओडिसियस दिसतो आणि त्याच्याभोवती स्त्रीचे मस्तक व पक्ष्याचा देह असलेल्या तीन सायरन्स, ज्यांपैकी एक डोळे मिटून कड्यावरून खाली कोसळते आहे. इ.स.पू. तिसऱ्या शतकातला ग्रीक कवी अपोलोनियस त्यांना अर्ध्या पक्षी आणि अर्ध्या कन्या म्हणतो, तर रोमन कवी ओव्हिड सांगतो की आपल्या हरवलेल्या सखीला, प्रोसर्पिनाला, समुद्रावरही शोधता यावे म्हणून त्यांनीच पंख मागून घेतले. ग्रीकांना माशाचे शेपूट ठाऊक नव्हते असेही नाही, कारण त्यांचा समुद्रदेव ट्रायटन तसाच आहे. सायरनला मात्र त्यांनी पंखच दिले. (आपल्या ‘जलपरी’ शब्दातली परीही मुळात पंखांचीच, हा योगायोग गमतीचा आहे. अजिंठ्याच्या चित्रांतले अर्धे पक्षी असलेले वादक किन्नर ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही आकृती फारशी परकी वाटू नये.)

दुसरे विधान मला अधिक खटकते, कारण त्यामुळे मूळ कथेचा गाभाच हरवतो. होमरच्या सायरन्स पाण्यात राहत नाहीत, कुरणात बसतात, आणि त्यांच्याभोवती कुजणाऱ्या माणसांच्या हाडांचा ढीग असतो. त्या ओडिसियसला शरीरसुखाचे आमिष दाखवत नाहीत. ट्रॉयच्या युद्धात ग्रीकांनी आणि ट्रोजनांनी जे सोसले ते सारे आम्हांला ठाऊक आहे, पृथ्वीवर जे जे घडते तेही ठाऊक आहे, आणि आमचे गाणे ऐकणारा अधिक शहाणा होऊन परततो, असे त्या सांगतात. दहा वर्षे त्याच युद्धात घालवलेल्या माणसासाठी याहून नेमके आमिष कोणते असणार? म्हणूनच ओडिसियसला आधीच सावध करणारी जादूगारीण सर्सी खलाशांच्या डोळ्यांवर पट्टी बांधायला सांगत नाही, तर कानांत मेण घालायला सांगते.

उगमाची गोष्ट थोडक्यात उरकता येते. अस्कालोन येथे पुजल्या जाणाऱ्या डर्सेटो या सीरियन देवीचे मुख स्त्रीचे आणि बाकी देह माशाचा असल्याचे ग्रीक इतिहासकार डायोडोरसने इ.स.पू. पहिल्या शतकात नोंदवले आहे. तिचा सायरन्सशी काही संबंध नाही. सायरनला शेपूट चिकटले ते प्राचीन काळातला एखाददुसरा अपवाद सोडला तर मध्ययुगात: सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास रचलेल्या ‘लिबर मॉन्स्ट्रोरम’ या लॅटिन ग्रंथात ती बेंबीपर्यंत कुमारी आणि खाली खवल्यांची शेपटी, अशी येते. त्यानंतरही कित्येक शतके पंख आणि शेपूट शेजारी शेजारी नांदले, काही चित्रांत तर एकाच देहावर. पुढे फ्रेंच, इटालियन आणि स्पॅनिश भाषांत मत्स्यकन्येसाठी सायरनचेच नाव रूढ झाले, आणि आजच्या घोटाळ्यातला बराच भाग या नावानेच केलेला आहे.

राहिली समुद्रगाय. जानेवारी 1493 मध्ये हिस्पॅनिओला बेटाजवळ कोलंबसला तीन ‘सायरन्स’ दिसल्या, त्या बहुधा मॅनाटी, म्हणजे समुद्रगायी, असाव्यात. त्याच्या रोजनिशीच्या उपलब्ध सारांशानुसार त्यांचे चेहरे काहीसे माणसांसारखे होते, परंतु चित्रांत रंगवतात तितक्या त्या सुंदर नव्हत्या. म्हणजे ती चित्रे त्याने स्पेन सोडण्यापूर्वीच पाहिलेली होती.