सोमल नव्हे, हरताळ

हॅरी पॉटरच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकयादीतला, जादूच्या काढ्यांवरच्या पुस्तकाचा लेखक आर्सेनियस जिगर. त्याचं नाव थेट सोमल या विषावरून, म्हणजे आर्सेनिकवरून आलं, असं एका लेखात वाचलं; ते म्हणणं अर्धंच खरं. आर्सेनियस हे जुनं ग्रीक नाव, अर्थ ‘पुरुषी’. आर्सेनिक हा शब्द ज्यावरून आला तो ग्रीक ‘आर्सेनिकॉन’ म्हणजे मुळात पिवळी हरताळ, पोथीतली चूक झाकायला फासायचे तीच! तो शब्द इराणी ‘सोनेरी’वरून आलेला, ग्रीकांच्या तोंडी तो ‘पुरुषी’च्या वळणावर गेला. पांढरा सोमल वेगळा, तो आर्सेनिकचा ऑक्साइड.

आणि ‘जिगर’ हे आडनाव त्या लेखात सुटलंच की! इथे हिंमतीचा काही संबंध नाही. इंग्रजीत जिगर म्हणजे बारमध्ये दारू मोजायचं ते दुतोंडी माप, अमेरिकेत दीड औंस, म्हणजे साधारण 44 मिली. विष आणि त्याचं माप, दोन्ही एकाच नावात.