‘थ्रिलर’ आधी ऐकला गेला, मग पाहिला गेला

दिवाळीनंतर मंडईचे, म्हणजे गावजत्रांचे, दिवस सुरू झाले आणि गावोगावी नृत्यस्पर्धांचे मंडप पडू लागले, की आमच्या भंडारा-गोंदियाकडच्या मोबाइलांवर मायकेल जॅक्सनविषयीचा एक मजकूर हमखास फिरतो. ‘थ्रिलर’ हा ऐकण्याचा नव्हे, पाहण्याचा अल्बम होता. एमटीव्ही या संगीतवाहिनीने गाण्यांच्या चित्रफिती दाखवल्या आणि जॅक्सनने मूनवॉक, म्हणजे मागे सरकत चालण्याचा नाच, केला म्हणून तो खपला. गाणी बेताचीच होती आणि ती सगळी त्याने एकट्यानेच रचली होती, असा त्याचा आशय असतो.

एमटीव्हीचा दावा तारखांपुढे टिकत नाही. नोव्हेंबर १९८२ च्या अखेरीस आलेला हा अल्बम २६ फेब्रुवारी १९८३ रोजी अमेरिकेतील अल्बमांच्या बिलबोर्ड क्रमवारीत पहिल्या क्रमांकावर पोहोचला होता, आणि त्यातील ‘बिली जीन’ या गाण्याची चित्रफीत एमटीव्हीवर दिसू लागली ती मार्चमध्ये. डिसेंबर १९८३ मधील शीर्षकगीताच्या सुमारे १४ मिनिटांच्या चित्रफितीने खप पुन्हा उसळला, हे मान्यच करावे लागते. पण तोवर अल्बम वर्षभर गाजत होता. शिवाय त्यातील नऊपैकी सात गाणी स्वतंत्र तबकड्यांच्या रूपाने निघाली आणि सातही पहिल्या दहांत आली. त्यांपैकी चित्रफिती केवळ तीन गाण्यांच्या होत्या. ‘ह्यूमन नेचर’सारखी उरलेली चार गाणी लोकांनी रेडिओवर आणि तबकडीवर ऐकूनच उचलून धरली.

मूनवॉकचे तर त्याहून सोपे आहे. ज्या कार्यक्रमात जॅक्सनने तो केला, तो अमेरिकेत दूरचित्रवाणीवर १६ मे १९८३ रोजी दाखवला गेला आणि तोपर्यंत ‘बिली जीन’ व ‘बीट इट’ ही दोन्ही गाणी पहिल्या क्रमांकावर जाऊन आली होती.

गाणी बेताची होती, असे म्हणणाऱ्यांनी ‘बिली जीन’ पडद्याकडे पाठ करून ऐकावे. आधी नुसते ड्रम, मग त्यांच्या अंगाला अंग लावून चालणारा बास, त्यानंतर सिंथेसायझरचे तुटक स्वर, आणि गळा ऐकू येतो तो सुमारे अर्ध्या मिनिटाने. निर्माते क्विन्सी जोन्स यांना ही सुरुवात फार लांबली असे वाटत होते. नाचावेसे वाटते ते तिच्यामुळेच, असे सांगून जॅक्सनने ती कापू दिली नाही. आमच्याकडच्या झाडीपट्टी नाटकात रात्रभर ऑक्टोपॅड हे तालवाद्य सांभाळणाऱ्या कलावंताला या हट्टाचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही, कारण एकच ठेका न डगमगता धरून ठेवणे किती अवघड असते, हे त्याचे हातच जाणतात. येथे नाच ठेक्यातून उपजला आहे, आणि फिरत्या मजकुराने नेमका हाच क्रम उलटा केला आहे.

राहिला एकट्याने रचल्याचा मुद्दा. (बेताच्या गाण्यांचे श्रेय एवढ्या आग्रहाने एकालाच का द्यावे, हेही एक कोडेच.) जॅक्सनने स्वतः लिहिली ती चार गाणी. ‘ह्यूमन नेचर’ स्टीव्ह पोर्कारो आणि जॉन बेटिस यांचे, तर ‘पी. वाय. टी.’ जेम्स इंग्रॅम आणि क्विन्सी जोन्स यांचे आहे. ‘बीट इट’ जॅक्सनचे असले तरी त्यातला गिटारचा गाजलेला एकल तुकडा एडी व्हॅन हेलनचा आहे. उरलेली तीन गाणी रॉड टेम्पर्टन या इंग्रज गीतकाराची. तोंडाला पांढरा रंग फासून आमच्याकडची मुले ज्या शीर्षकगीतावर भुतांचा नाच करतात, तेही त्याचेच आहे आणि त्याने ते आधी ‘स्टारलाइट’ या नावाने लिहिले होते.